“तुमचाचा” आपण म्हणत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीतल्या एका जॉब प्रेसमध्ये मी २९ वर्षे मुद्रितशोधनाचे (प्रूफरीडिंगचे) काम केले. १९७८ साली लागले आणि २००७ साली डोळे साथ देईनात तेव्हा थांबले. वडील त्याच प्रेसमध्ये कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरे हाताने जुळवणारे, होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे अहवाल, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांची निमंत्रणे, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळे हाताखालून गेले. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्या कामाने शिकवलेली एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे मांडायची आहे. पत्र लांबले आहे, पण काटछाट करावी लागली तर उदाहरणे कापू नयेत, एवढी विनंती. माझे म्हणणे उदाहरणांतच आहे.

विषय आहे इंग्रजीतली अपॉस्ट्रॉफी. मुले तिला “वरचा कॉमा” म्हणतात. इंग्रजी शब्द मी देवनागरीतच लिहिते आणि जिथे ती असेल तिथे ’ असे चिन्ह दाखवते. गोंधळ नको म्हणून अवतरणचिन्हे सगळीकडे दुहेरी घेतली आहेत. छापताना ती तशीच राहू द्यावीत.

माझी नात सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. पहिल्या चाचणीचे पेपर घरी आले. त्यात तिने मोरावर एक वाक्य लिहिले होते, “द पीकॉक स्प्रेड इट्स फेदर्स.” इट्स, चिन्हाशिवाय. हे बरोबर आहे. पण त्यावर लाल शाईने टी आणि एसच्या मधे, वरच्या बाजूला ’ काढलेले होते आणि अर्धा गुण कापलेला होता. नात म्हणाली, “आजी, तूच सांगितलं होतंस ना असं लिहायला?” मीच सांगितले होते.

पालकसभेला मी गेले. बाई तरुण, बोलायला मोकळ्या, वर्गात पन्नासच्या वर मुले. पेपर पुढे ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, “काकू, पिसारा मोराचा आहे ना? म्हणजे पझेशन आलं. पझेशन आलं की अपॉस्ट्रॉफी एस लागतोच.”

हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी दिवस मनात घोळवते आहे. “अपॉस्ट्रॉफी एस.” आपण सगळे तसेच शिकलो. माझ्या शाळेतही फळ्यावर हेच होते: अपॉस्ट्रॉफी एस म्हणजे चा, ची, चे. दोन वेगळ्या गोष्टींचे आपण एक जोडनाव करून टाकले, राम-लक्ष्मण म्हणावे तसे. मग मुलाच्या हाताला सवय लागते की एस आला की वरचा कॉमा आलाच. मालकी असो, अनेकवचन असो, क्रियापदाचा एस असो, शब्दाच्या शेवटी एस दिसला की तो अंगठी घालावी तसे ते चिन्ह घालतो. माझ्या टेबलावर आलेल्या चुकांपैकी बहुतेक चुका या एका जोडनावातून निघालेल्या होत्या. चिन्ह वेगळे आणि एस वेगळा, हे पहिल्याच दिवशी सांगितले तर निम्मे काम होईल असे मला मनापासून वाटते.

बाईंना मी एवढेच विचारले, “तुमचा या शब्दाला आपण आणखी एक चा लावतो का? तुमचाचा म्हणतो का?” त्या थांबल्या. माझा, तुझा, त्याचा, तिचा, आमचा, तुमचा या शब्दांत मालकी आधीच आलेली आहे. वेगळा प्रत्यय लावायचा तो नामाला: मोराचा, रामाचा, शाळेचा. इंग्रजीत अगदी हेच आहे. हिज, हर्स, इट्स, अवर्स, युअर्स, देअर्स ही सगळी “त्याचा, तिचा, आमचा, तुमचा” यांची भावंडे आहेत. त्यांच्या पोटात मालकी आहे, म्हणून त्यांना चिन्ह लागत नाही. “हिज”मध्ये ते घालावे असे कोणालाही वाटत नाही. मग “इट्स”नेच काय केले? इट’स असे लिहिले की तो दुसराच शब्द होतो, इट इज किंवा इट हॅज. बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचून पाहिले: मोराने “ते आहे पिसे” पसरले. मग त्यांनी स्वतःहून बाकीचे पेपर काढले. ज्या मुलांनी इट’स लिहिले होते त्यांना पूर्ण गुण मिळालेले होते. त्यांनी कोणाचे कापले नाहीत, नातीचा अर्धा गुण परत दिला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर “तुमचाचा” लिहून समजावले, असे नात सांगत होती. त्या बाईंबद्दल माझी तक्रार नाही. आपण त्यांना जसे शिकवले तसे त्या शिकवत होत्या.

“युअर्स”चे दुखणे याहून जुने आहे. “युअर’स फेथफुली”, “युअर’स ओबीडियंटली”. २९ वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा खोडलेली चूक कोणती, असे विचाराल तर हीच. कोर्टाबाहेरच्या टंकलेखकांच्या अर्जांवर, संस्थांच्या लेटरहेडवर, निवृत्तीच्या मानपत्राखाली, सगळीकडे. सुशिक्षित माणसे, सहीसुद्धा वळणदार, आणि सहीच्या बरोबर वर “तुमचाचा विश्वासू”. पत्र कितीही नेटके असले तरी शेवटच्या ओळीला वाचणाऱ्याच्या मनात खडा लागतो. नोकरीच्या अर्जात तो खडा मुलाला महागात पडू शकतो, म्हणून मला याचे वाईट वाटते.

आता हे चिन्ह मुळात आहे काय, ते सांगते. वडिलांनी मला हे केसपाशी, म्हणजे छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरे) ठेवायच्या कप्प्यांच्या पेटीपाशी, उभे करून शिकवले. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये स्वल्पविरामाचे घर वेगळे आणि अपॉस्ट्रॉफीचे वेगळे. दोन्हींचा आकार एकच, फक्त एक ओळीच्या तळाशी बसतो, दुसरी माथ्याशी. वडील फारसे शिकलेले नव्हते, पण कीर्तनाला जाणारे होते. ते म्हणाले, “हा इंग्रजांचा अवग्रह.” सः अधिक अहम् याचे सोऽहम् होते. तिथला “अ” गळला आणि त्याच्या जागी ऽ ठेवला, की वाचणाऱ्याला कळावे इथे कोणीतरी होते. डू नॉटचे डोन’ट होताना ओ गळतो, त्याच्या जागी ’ बसते. आय ॲमचे आय’म होताना ए गळतो. चिन्ह गळलेल्या अक्षराच्या जागेवर बसते. म्हणून डोन’टमध्ये ते एन आणि टी यांच्या मधे येते. कित्येक जण डी ओ नंतर देतात, ते चूक.

मालकीचे चिन्हही मुळात तेच आहे, हे मला फार नंतर कळले आणि फार आनंद झाला. जुन्या इंग्रजीत “राजाचा” या अर्थी “किनिंगेस” असे रूप होते, शेवटी ई आणि एस. बोलण्यात तो ई विरत गेला. सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या वळणाने हे चिन्ह इंग्रजीत आले आणि गळलेल्या त्या ई च्या जागी मुद्रक ते पुढे वापरू लागले. म्हणजे “किंग’स”मधले चिन्हही कोणीतरी गेल्याची खूण आहे. अपॉस्ट्रॉफी हा शब्द ग्रीकमधून आलेला, त्याचा अर्थ वळून दूर होणे. नियम पक्के व्हायला मात्र अठरावे शतक उजाडले आणि पुढेही वेळ गेला. अमेरिकेच्या १७८७ सालच्या संविधानात, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, “इट’स इन्स्पेक्शन लॉज” असे मालकीच्या अर्थाने लिहिलेले आहे, आज चूक ठरेल असे. तेव्हा ते चालत होते. नियम माणसांनीच हळूहळू घडवला हे खरे, पण आपले ऱ्हस्व-दीर्घही तसेच घडले, आणि म्हणून आपण ते सोडून देत नाही.

बाजारात दिसणारी सर्वांत मोठी चूक अनेकवचनाची. गणपती पेठेतून हरभट रोडने चालत जा आणि पाट्या वाचा. फोटो’ज, ड्रेस मटेरियल’स, मोबाइल’स, स्वीट’स, ज्यूस’स. एकापेक्षा जास्त, एवढेच सांगायचे असताना मधे चिन्ह. फोटोचा कोण, मोबाइलचे काय, असे वाचणाऱ्याने विचारावे अशी ती रचना होते. हे का घडते यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मराठीत एक फोटो, दहा फोटो. एक आमदार, दहा आमदार. शब्द बदलत नाही. त्यामुळे ओळखीच्या शब्दाला एस चिकटवताना आपला हात बिचकतो. फोटो हा मूळ शब्द वेगळा दिसावा, एसने त्याचे रूप बिघडू नये, म्हणून मधे कुंपण घालतो. हा हेतू वाईट नाही. इंग्लंडमध्येही केळी, बटाटे, टोमॅटो विकणारे हेच करतात, कारण स्वराने संपणाऱ्या शब्दाला नुसता एस लावला की तो परका दिसतो. तिथे या चुकीला भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी असेच नाव पडले आहे. डच भाषेत तर फोटो’स असे चिन्ह देऊनच लिहितात आणि ते तिथे शुद्ध आहे. इंग्रजीत नाही. इंग्रजीत फोटोज, सीडीज, एमएलएज, सगळे चिन्हाशिवाय. फक्त एकेकटे अक्षर असेल, जसे “तिला पाच ए मिळाले”, तर ए’ज असे लिहायला हरकत नाही, कारण नुसते ए आणि एस जोडले की “ॲज” असा दुसराच शब्द वाचला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. चिन्ह एसच्या आधी की नंतर?

गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले होते. काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, सोनेरी अक्षरे. वरच्या ओळीत “मुलींचे वसतिगृह”. खालच्या ओळीत “गर्ल’स हॉस्टेल”. चिन्ह एसच्या आधी. म्हणजे एका मुलीचे वसतिगृह. मी त्या दगडापाशी बराच वेळ उभी होते, कारण वरच्या ओळीत पाथरवटाने “लीं”वर टिंब नेमके कोरले होते. मुलीचे आणि मुलींचे यातला सगळा फरक त्या एका टिंबात आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांनी कितीतरी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार ठेवला. लोकांना, मुलांनी, घरांसमोर. तो अर्थ सांगतो म्हणून ठेवला. इंग्रजीत टिंब नाही, तिथे तेच काम चिन्हाची जागा करते. गर्ल’स म्हणजे मुलीचे. गर्ल्स’ म्हणजे मुलींचे. ज्या हाताने वर टिंब दिले त्या हाताला हे कोणी सांगितले असते तर खालची ओळही तितकीच नेमकी झाली असती. ग्रॅनाइट आहे, तो आता पन्नास-शंभर वर्षे तसाच राहील.

म्हणून मी मुलांना सांगते, आधी मराठीत म्हणून पाहा. मराठीत टिंब आले तर चिन्ह एसच्या पलीकडे, नाही आले तर अलीकडे. शिक्षकांचा दिवस, टिंब आहे, टीचर्स’ डे. आईचा दिवस, टिंब नाही, मदर’स डे. तो तसा असावा असा ॲना जार्व्हिस यांचा आग्रहच होता. त्यांच्याच खटपटीने १९१४ साली अमेरिकेत तो दिवस जाहीर झाला, आणि प्रत्येक घराने आपल्या एका आईचा मान करावा, जगातल्या सगळ्या आयांचा एकदम नव्हे, म्हणून त्यांनी एकवचन धरून ठेवले. त्या चिन्हाच्या जागेत त्यांचे सगळे म्हणणे आहे.

या युक्तीत दोन खड्डे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. पहिला, काही इंग्रजी अनेकवचनांना मुळात एसच नसतो: मेन, विमेन, चिल्ड्रन. तिथे मराठीत टिंब असले तरी आधी चिन्ह, मग एस. चिल्ड्रन’स डे, विमेन’स कॉलेज. “चिल्ड्रन्स’” आणि “लेडी’ज” ही दोन्ही चूक. लेडीज हे अनेकवचन एसने संपते, म्हणून लेडीज’. दुसरा खड्डा आपल्या आदराचा आहे, आणि तो फक्त मराठी माणसालाच लागतो. “मुख्याध्यापकांचे कार्यालय” यात टिंब आहे, पण मुख्याध्यापक एकच आहेत. टिंब मानाचे आहे. इंग्रजीला असे मानाचे अनेकवचन नाही. तिथे प्रिन्सिपल’स ऑफिस, कलेक्टर’स ऑफिस, चिन्ह एसच्या आधीच. टिंब मोजायचे तेव्हा माणसे मोजा, मान मोजू नका.

हा फरक कागदापुरता नाही. आमच्या प्रेसमध्ये भविष्यनिर्वाह निधीचे फॉर्म छापायला येत. १९५२ सालच्या त्या कायद्याच्या नावात एम्प्लॉईज’ आहे, चिन्ह एसच्या नंतर: निधी सगळ्या कर्मचाऱ्यांचा. उलट कामावर अपघात झाला तर भरपाई देणारा १९२३ सालचा कायदा. त्याचे नाव आधी वर्कमेन’स होते, २००९ सालच्या दुरुस्तीने ते एम्प्लॉयी’ज झाले, चिन्ह एसच्या आधी: ज्याला इजा झाली त्या एका कर्मचाऱ्याची भरपाई. एकाच देशातले दोन कायदे, एकच शब्द, आणि चिन्ह एस ओलांडून इकडचे तिकडे गेल्याने एक की अनेक ते कळते. मी पहिल्यांदा ही दोन नावे शेजारी ठेवून वाचली तेव्हा वडिलांची फार आठवण झाली.

आणि ज्यांना वाटते की एवढ्याशा चिन्हाने काय होते, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट. न्यू साउथ वेल्समधल्या एका घरविक्री दलालाने फेसबुकवर दुसऱ्याविषयी लिहिले की हा कोट्यवधींची घरे विकतो, पण “एम्प्लॉईज” यांचा निवृत्तिनिधी भरू शकत नाही. चिन्ह दिलेच नाही, ना आधी ना नंतर. दुसऱ्याने अब्रुनुकसानीचा दावा केला. २०२१ साली तो दावा काढून टाकायला न्यायाधीशांनी नकार दिला. एका कर्मचाऱ्याचा निधी राहिला तर ती दुर्दैवाची गोष्ट मानता येईल, अनेकांचा राहिला तर ते जाणूनबुजून केल्यासारखे दिसते, आणि लिहिलेला शब्द अनेकवचनी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. लिहिणाऱ्याने एसच्या आधी एक टिचकीभर चिन्ह दिले असते तर “एका कर्मचाऱ्याचा” असा अर्थ कागदावर उभा राहिला असता.

नावांविषयी थोडक्यात. नव्या बंगल्यांवर “द पाटील’स” अशी पाटी दिसते. पाटील मंडळी असे म्हणायचे असेल तर “द पाटील्स”, चिन्ह नको. नुसते “पाटील’स” असेल तर पाटलांचे घर असा अर्थ लागतो, ते चालेल. नाव एसने संपत असेल, जसे व्यास, तर व्यास’ आणि व्यास’स दोन्ही पद्धती मान्य आहेत, फक्त एका पुस्तकात एकच धरावी. इंग्रजांचेही यावर एकमत नाही: लंडनमधले सेंट जेम्स’स पार्क दोन एसचे, न्यूकॅसलचे फुटबॉल मैदान सेंट जेम्स’ पार्क एका एसचे. दुकाने आणि कंपन्या आपापले ठरवतात. मॅकडोनाल्ड’ज चिन्हासह, हॅरॉड्स चिन्हाशिवाय, आणि वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ साली आपले चिन्ह काढून टाकले. त्यात शुद्ध-अशुद्ध नाही. मालकाने ठेवले तसे छापावे. मुद्रितशोधकाने तिथे हात लावू नये.

आणखी एक चूक आमच्या व्यवसायातली, ती संगणकाने आणली. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे टी-शर्ट येतात, “बॅच ऑफ ’९८”. इथे १९ गळले आहेत, म्हणून त्यांच्या जागी अपॉस्ट्रॉफी हवी, शेपटी डावीकडे वळलेली. पण संगणकाला आधी मोकळी जागा दिसते, त्याला वाटते अवतरण सुरू झाले, आणि तो उलट तोंडाचे ‘ देऊन टाकतो. खिळ्यांच्या काळी हे होत नसे, कारण खिळा हातात घेऊन माणूस बघत असे. उपाय सोपा आहे. आधी कुठलेही एक अक्षर टाइप करा, मग चिन्ह द्या, मग ते अक्षर पुसा. चिन्ह सरळ तोंडाचे राहते. फ्लेक्सवाल्या मुलांना मी हे दाखवले तेव्हा त्यांना ते मनापासून आवडले. त्यांना चूक करायची नसते.

मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला, इंग्रजच चुकतात तर आपण कशाला? चुकतात हे खरे आहे. बर्मिंगहॅमच्या महापालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह काढायचे ठरवले. केंब्रिजने २०१४ साली तेच केले, तेव्हा लोकांनी रात्री जाऊन काळ्या पेनाने पाट्यांवर चिन्हे परत काढली आणि पालिकेला निर्णय फिरवावा लागला. लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावचे जॉन रिचर्ड्स हे निवृत्त पत्रकार. त्यांनी २००१ साली या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि चुकलेल्या दुकानदारांना सौम्य भाषेत पत्रे पाठवली. २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकला असे सांगून त्यांनी ती बंद केली. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही. सातासमुद्रापलीकडचा माणूस, पण त्याचे आणि माझे काम एकच होते. पुढे दुसऱ्यांनी ती संस्था चालवायला घेतली याचे समाधान आहे.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा असतो: मराठीची एवढी आबाळ चालली असताना इंग्रजीच्या कॉमाची काळजी मराठी वर्तमानपत्रात कशाला? माझ्या अनुभवात या दोन काळज्या वेगळ्या नाहीत. ज्या अर्जात “युअर’स” असते त्याच अर्जात बहुधा “मुलाना” टिंबाशिवाय असते. एक की अनेक, कोणाचे, काय गळले, हे लिहिण्याआधी मनात स्पष्ट असण्याची ती सवय आहे, आणि ती एकदा लागली की दोन्ही भाषांत लागते. नातीला मी इंग्रजीचे चिन्ह मराठीच्या टिंबाने शिकवले. त्यानंतर तिच्या मराठीच्या वहीतली टिंबे सुधारली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्याकडे माझे मागणे थोडे आहे. आपल्या जाहिरात विभागात शाळाप्रवेश, क्लासेस, सदनिका यांच्या जाहिराती इंग्रजी मथळ्यांसह तयार होऊन येतात. छापण्याआधी कोणीतरी त्या मथळ्यांवरून एकदा नजर फिरवावी आणि जाहिरातदाराला फोन करून विचारावे. दहापैकी नऊ जण आनंदाने दुरुस्त करतात, हा माझा २९ वर्षांचा अनुभव आहे. आणि शिक्षकांना विनंती, फळ्यावर “अपॉस्ट्रॉफी एस” असे एका दमात म्हणू नका. आधी चिन्ह दाखवा, सोऽहम्‌चा अवग्रह दाखवा, मग मुलीचे-मुलींचे लिहा, आणि एस सर्वांत शेवटी आणा.

या पत्रातल्या उदाहरणांचे एक पानी टिपण मी हाताने लिहून ठेवले आहे. सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या कोणत्याही शाळेला, छापखान्याला किंवा फ्लेक्सच्या दुकानाला हवे असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, प्रत पोहोचवीन. शाळांनी बोलावले तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर येऊ शकते. मानधन नको. फळा, खडू आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी शांतता, एवढे असले की पुरे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
विश्रामबाग, सांगली